जुना ‘सेल्फ’ नव्यासारखा करायचा कोणी?

१ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी देशात नवे नियम लागू झाले. कंपनीने पूर्वी विकलेल्या गाड्या भंगारात निघतील तेव्हा त्यांची जबाबदारीही कंपनीनेच घ्यायची, हा त्या नियमांचा गाभा. चर्चा झाली ती मुख्यतः ‘माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीचं काय होणार’ या प्रश्नाची, आणि ते साहजिकच आहे. पण भंगारात निघालेल्या गाडीचे सगळे भाग एकदम निकामी झालेले नसतात. केबिनचा पत्रा सडलेला असतो, चासी गंजलेली असते, आणि गिअरबॉक्स मात्र दोनच वर्षांपूर्वी खोलून नीट केलेला असतो. उलटंही घडतं. धडधाकट ट्रकचा एखादा पार्ट बसतो (म्हणजे बंद पडतो), नवा आणून लावतात आणि जुना गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन पडतो.

असे जुने पार्ट पुन्हा नव्याच्या तोडीचे करून वापरावेत, म्हणजेच त्यांची पुनर्निर्मिती व्हावी, याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. वाद सुरू होतो तो ‘हे काम करायचं कोणी’ इथे. ट्रक कंपनीने? तो पार्ट मुळात घडवणाऱ्या कारखान्याने? की नाक्यावरच्या गॅरेजने? जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात यावर वर्षानुवर्षं गणितं मांडली जात आहेत. ती समजून घ्यायला समीकरणं लागत नाहीत. ट्रकचा एक सेल्फ पुरेसा आहे.

दुरुस्ती कुठे संपते?

इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेल्फ. तो बसला की ऑटो इलेक्ट्रिशियन खोलतो, झिजलेले कार्बन ब्रश बदलतो, सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट घासतो आणि परत चढवतो. बिघडलं तेवढंच नीट केलं. ही दुरुस्ती.

पुनर्निर्मितीत सेल्फ शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटा होतो, मग त्यात बिघाड एका जागी असो की चार जागी. प्रत्येक भाग धुऊन मोजला जातो. ब्रश, बुश, बेअरिंग, सील असे झिजणारे भाग सरसकट नवे पडतात. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, लेथवर घेऊन मापात आणतात, मापात बसलं नाही तर बाद करतात. मग जोडणी, आणि टेस्ट बेंचवर नव्या सेल्फला लावतात तीच चाचणी. हातात येतो तो सेल्फ वॉरंटीसकट, आणि ही वॉरंटी बहुधा नव्याच्या बरोबरीची असते. तुमचाच सेल्फ तुम्हाला परत मिळेल असं मात्र नाही. एकाची बॉडी, दुसऱ्याचं आर्मेचर असं होऊन चार जुन्यांतून तीन चांगले निघतात.

तिसरा मार्ग भट्टीचा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत रोज भंगार वितळतं आणि त्यातून नवं कास्टिंग ओतलं जातं. चांगलं काम आहे, पण त्यात काय जळतं तेही पाहिलं पाहिजे. बिडाचा इंजिन ब्लॉक वितळवायला साधारण १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअस लागतात, आणि त्यातून परत मिळतं फक्त बीड. त्या ब्लॉकवर झालेलं साच्याचं काम, बोअरिंग, ग्राइंडिंग, त्यात गेलेली वीज आणि कारागिराचे तास यांतलं काहीच परत येत नाही. पुनर्निर्मितीत घडवलेला आकार वाचतो. टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारा), इंजेक्टर (इंधन फवारणारा), सेल्फ यांसारख्या पार्टांच्या किमतीत धातूचा वाटा थोडा आणि घडणावळीचा मोठा असतो. म्हणून पर्यावरणाचा फायदा आणि पैशाचा फायदा इथे एकाच जागेतून येतात.

जुना पार्ट कोणाच्या ताब्यात आहे?

पुनर्निर्मितीसाठी परत आलेल्या जुन्या पार्टला या धंद्यात कोअर म्हणतात. कोअर नाही तर काम नाही. म्हणून तो परत यावा यासाठी घरगुती गॅससारखी पद्धत असते. रिकामा सिलिंडर दिला तर भरलेला मिळतो, फक्त गॅसचे पैसे द्यायचे. रिकामा नसेल तर डिपॉझिट भरा. अमेरिकेतली कॅटरपिलर कंपनी १९७३ पासून पुनर्निर्मितीत आहे आणि तिचा सगळा डोलारा या डिपॉझिटवर उभा आहे. आपल्याकडे टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ योजना आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या कमिन्स इंडियाचे ‘रीकॉन’ पार्ट याच जातीचे. फरक एवढाच की सिलिंडर सगळे सारखे, कोअर मात्र नाना अवस्थेत येतात. ब्लॉकला तडा गेलेला असेल तर डिपॉझिट कापलं जातं किंवा बुडतं. या तपासणीवरून काउंटरवर खडाजंगी होते.

मग कोअर असतात कुठे? वॉरंटी असेपर्यंत ट्रक अधिकृत सर्व्हिस सेंटरला जातो. ती संपली, ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेला, की कंपनीचा दरवाजा सुटतो आणि हायवेवरचा मिस्त्री धरला जातो. पार्ट खऱ्या अर्थाने बसायला लागतात ते याच वयात. त्यामुळे जुने सेल्फ, पंप, गिअरबॉक्स साचतात गॅरेजमध्ये, भंगारवाल्याकडे, कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या गाळ्यांत. ज्यांच्याकडे पार्टचं ड्रॉइंग, मापं आणि टेस्ट बेंच आहे त्यांच्याकडे कोअर नाहीत. ज्यांच्याकडे कोअरची रास आहे त्यांच्याकडे ड्रॉइंग नाही. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच निघते.

जुना माल गोळा कोणी करावा, या प्रश्नावर सावस्कन, भट्टाचार्य आणि व्हॅन वासेनहोव्ह या तीन संशोधकांनी २००४ मध्ये एक गणित मांडलं. उत्पादकाने स्वतः गोळा करावं, दुकानदाराकडून करवावं की तिसऱ्याच कोणाला ठेका द्यावा, हे तीन पर्याय त्यांनी तोलले. सरस ठरला दुकानदार, कारण गिऱ्हाइकाच्या सर्वांत जवळ तोच असतो. आता ‘दुकानदार’च्या जागी नाक्यावरचा मिस्त्री आणि स्पेअर पार्टवाला ठेवून पाहा. पण गोळा करणं वेगळं आणि घडवणं वेगळं. गोळा करायला ओळखी लागतात, घडवायला मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची मापं.

एसटीला हा प्रश्न का पडत नाही?

गाड्यांचा मोठा ताफा एकाच मालकाचा असेल तर कोडं सोपं होतं. एसटी महामंडळ आपल्या टायरांचं रिट्रेडिंग (झिजलेल्या टायरवर नवा रबरी थर चढवणं) स्वतःच्या प्लांटमध्ये करत आलं आहे, आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेतच. रेल्वेचे डबे ठरावीक मुदतीने माटुंग्याच्या कारखान्यात पूर्ण खोलले जातात. इथे कोअर आपलाच, काम आपलंच आणि तयार पार्ट वापरणारेही आपणच. डिपॉझिटची गरज नाही, विश्वासाचा प्रश्न नाही, आणि नवा पार्ट कमी खपला म्हणून घरात कोणी रडत नाही. एकसारख्या हजारो गाड्या असतील तिथे हे उत्तर उत्तम. पण देशातले बहुसंख्य ट्रक मोजक्या गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्यांनी कुठे जायचं?

ट्रक कंपनीनेच केलं तर काय बिघडलं?

ट्रकवर नाव कंपनीचं असतं, पण सेल्फ ती स्वतः बनवत नाही. तो बनवणारा कारखाना वेगळा. समजा (आकडे निव्वळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत) कंपनी वर्षाला १०० सेल्फ ₹८,००० दराने घेते. कारखान्याला प्रत्येक सेल्फमागे माल-मजुरी ₹५,०००, आणि शेड, मशीन, पगार यांचा वर्षाचा बांधील खर्च ₹२ लाख. म्हणजे ₹८ लाख आले, ₹७ लाख गेले, ₹१ लाख नफा.

आता ट्रक कंपनीने ठरवलं की ३० जुने सेल्फ आपणच पुन्हा घडवायचे, एका नगाला ₹४,००० खर्चून. तिला वाटतं, नगामागे ₹४,००० वाचले, एकूण ₹१ लाख २० हजार. तिकडे कारखान्याची ऑर्डर ७० वर आली. नगामागे उरणारे ₹३,००० गुणिले ७०, त्यातून बांधील खर्च वजा केला तर राहिले जेमतेम ₹१०,०००. ऑर्डर तीस टक्क्यांनी घटली आणि नफा नव्वद टक्क्यांनी. कारखानदार गप्प बसेल? त्याच्यात जोर असेल तर पुढच्या करारात तो नगामागे ₹१,३०० च्या आसपास वाढवून मागेल आणि ट्रक कंपनीच्या हातातले ₹९०,००० परत काढून घेईल. कंपनीकडे उरतील सुमारे ₹३०,०००.

हे ₹३०,००० कुठून आले ते नीट पाहिलं की पडदा उठतो. नवा सेल्फ घडवण्याचा खरा चालू खर्च ₹५,०००, जुना घडवण्याचा ₹४,०००. खरी बचत नगामागे ₹१,०००. बाकीचे ₹३,००० ट्रक कंपनीला बचत वाटले, पण ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले कारखान्याचे पैसे होते. कंपनीला जुना सेल्फ घडवायला ₹६,००० लागले असते तरी तिच्या वहीत तो फायद्याचाच सौदा दिसला असता.

त्यात पुढचा पेच असा की आज विकलेला प्रत्येक नवा सेल्फ हा चार-पाच वर्षांनंतरचा कोअर आहे. तो ट्रक कंपनीकडे जाणार आणि माझी तेव्हाची ऑर्डर खाणार, हे कारखानदाराला आजच कळतं. मग आजच दर चढवावा किंवा सेल्फ असा बनवावा की तो सहज उघडणारच नाही, असा मोह त्याला होतो. स्क्रूच्या जागी रिव्हेट मारले की काम झालं.

मग पार्ट बनवणाऱ्यावरच सोपवू या?

तांत्रिकदृष्ट्या तोच सर्वांत लायक. साचे त्याचे, मापं त्याची, टेस्ट बेंच आधीच उभा, आणि झिजणारे भाग त्याला घाऊक दरात पडतात. बॉश कंपनी ‘बॉश एक्स्चेंज’ नावाने सेल्फ, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र), इंजेक्टर जुन्याच्या बदल्यात देते, ते याच बळावर. नाशिककर ज्याला आजही मायको म्हणतात तो बॉशचा कारखाना डिझेल इंजेक्टरच्या कामासाठी ओळखला जातो. इंजेक्टरच्या आतल्या सुईची फट किती मायक्रॉनची असावी, हे तिथल्या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय जुना पार्ट खोलताना नेमकं काय आधी झिजलं ते त्याला दिसतं आणि पुढचं डिझाइन त्यावरून सुधारता येतं. ही माहिती ट्रक कंपनीकडे गेली तर अर्धी वाटेत हरवते.

पण लायक असणं आणि उत्सुक असणं यात अंतर आहे. वरचाच हिशेब त्याच्या बाजूने मांडू. नव्या सेल्फमागे त्याच्या हाती ₹३,००० राहतात. तोच जुना सेल्फ ₹४,००० खर्चून घडवला आणि ₹६,००० ला विकला तर राहतात ₹२,०००. मग नवा खपत असताना तो जुना कशाला काढील? नव्याच्या खपावर स्वतःच्याच हाताने पाणी कशाला ओतील?

एकाच परिस्थितीत ओतील. ते तीस गिऱ्हाईक त्याच्या हातून तसेही निसटणार असतील तेव्हा. नाक्यावर कोणीतरी तोच सेल्फ ₹३,५०० त भरून (म्हणजे पुन्हा नीट करून) देत असेल, तर निवड ₹३,००० की ₹२,००० अशी उरत नाही. ₹२,००० की शून्य अशी होते. मग अचानक कंपनीची एक्स्चेंज योजना जाहीर होते, पोस्टर लागतात, डीलरला टार्गेट मिळतं.

माझं मत इथे बनतं. गुंतागुंतीच्या पार्टची पुनर्निर्मिती तो बनवणाऱ्याच्याच हातून व्हावी हे बरोबर, पण तो हे काम मनापासून करील ते बाहेरच्या तिसऱ्या माणसाची वाट मोकळी असेल तरच. त्या माणसाला बाजारातून हटवलं की कंपनीचीही योजना हळूहळू महाग होते किंवा बंद पडते.

गॅरेजवाले करतातच की, त्यांना कोण अडवतंय?

सेल्फ, अल्टरनेटर, क्लच प्लेट, इंजिनाचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात उत्तम होतात. यांतले कसबी कारागीर कोणत्याही कंपनीच्या इंजिनिअरला चार गोष्टी शिकवतील. अडचण सुरू होते ती नव्या पिढीच्या पार्टांपाशी. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-सहा मानक आलं. आजच्या कॉमन रेल इंजिनात (यात सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून उच्च दाबाचं इंधन मिळतं) प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा कोड असतो आणि तो इंजिनाच्या कंट्रोल युनिटला सांगावा लागतो. त्यासाठी स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल तर हाताने कितीही सुबक काम केलं तरी इंजिन धूर ओकतं.

हे सॉफ्टवेअर आणि सुटे भाग बाहेरच्यांना द्यायचे की नाहीत, यावर आपल्याकडे मोठी लढाई झाली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे ₹२,५४५ कोटींचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं त्या स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी, हे सांगायला नकोच.

गॅरेजची बाजू घेताना एक काळी बाजूही मान्य करावी लागते. कोअर कुठून आला हे कोणी विचारत नाही. मेरठचं सोतीगंज जुन्या पार्टांसाठी देशभर प्रसिद्ध होतं, आणि चोरीच्या गाड्या कापण्यासाठीही. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी ती बाजारपेठ बंद करवली. मोकळी वाट म्हणजे बिनहिशेबाची वाट असा अर्थ काढू नये. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चांगल्या पार्टला गाडीच्या नोंदीशी जोडलेला क्रमांक दिला, तर हा प्रश्न बराच सुटेल.

दुसऱ्याच्या ब्रँडचा माल पुन्हा घडवून विकणं कायद्यात बसतं?

इथे जगातली न्यायालयंही एका सुरात बोलत नाहीत. लेक्समार्कची वापरलेली प्रिंटर कार्ट्रिज भरून विकणाऱ्याविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७ मध्ये निकाल लागला की कंपनीने वस्तू एकदा विकली की तिचा पेटंटचा हक्क संपला. त्याआधी दहा वर्षं, २००७ मध्ये, जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅननच्या शाईच्या टाक्यांबाबत उलटं म्हटलं होतं: धुऊन पुन्हा भरलेली टाकी ही नव्याने बनवलेली वस्तूच आहे, आणि ती विकणं म्हणजे पेटंटचा भंग.

भारतातला सर्वांत उपयोगी निकाल गाड्यांचा नाही, हार्ड डिस्कचा आहे. जुन्या संगणकांतल्या, आयात होऊन आलेल्या सीगेट आणि वेस्टर्न डिजिटलच्या हार्ड डिस्क नीट करून, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या वॉरंटीवर विकणाऱ्या भारतीय कंपन्यांवर मूळ कंपन्यांनी दावे लावले. ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये एक अट आहे: बाजारात गेल्यानंतर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडवली गेली असेल, तर ब्रँडचा मालक पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये विक्रीवर बंदी घालायला नकार दिला, पण अटी घातल्या. मूळ उत्पादक कोण ते वेष्टनावर लिहा, लोगो मात्र वापरू नका. त्याची वॉरंटी नाही हे सांगा. माल वापरलेला आणि नूतनीकृत आहे हे ठळक छापा. वॉरंटी तुम्ही देत असाल तर ती तुमची आहे हे स्पष्ट करा.

सेल्फच्या बाजारात आज नेमकं याच्या उलट चालतं. भरलेल्या सेल्फवर एक तर काहीच लिहिलेलं नसतं, किंवा कंपनीचा खोटा स्टिकर असतो आणि तो ‘ओरिजिनल’ म्हणून खपतो. नाव लपवणारा आणि नाव चोरणारा, दोघंही प्रामाणिकपणे काम करणाऱ्याच्या पोटावर पाय देतात. हार्ड डिस्कचा तो दंडक पार्टांना लावला तर कारागिराला स्वतःच्या नावाचा ब्रँड उभा करता येईल.

‘जुनं ते जुनंच, भरवसा काय?’

हा आक्षेप समजण्यासारखा आहे; रात्री घाटात सेल्फ बसल्यावर तत्त्वज्ञान कामाला येत नाही. पण नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, तिथे लढाऊ विमानं पूर्ण खोलून पुन्हा उभी केली जातात आणि वैमानिक ती उडवतात. भरवसा येतो तो कागदातून: कोणता भाग कधी बदलला, कोणत्या मापात बसला, कोणी सही केली. परदेशातून यंत्रसामग्रीचे रीकंडिशन केलेले सुटे भाग आणायचे तर मूळ पार्टच्या किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र आपलं सरकार मागतंच. म्हणजे वयापेक्षा उरलेलं आयुष्य महत्त्वाचं, हे तत्त्व सरकारी कागदांत आधीपासून आहे.

काही पार्ट या खेळाबाहेरच ठेवावेत, याबद्दल मात्र दुमत नसावं. फुटलेली एअरबॅग, ब्रेकचे रबरी भाग यांच्यात वाचवण्यासारखं फार काही नसतं आणि गमावण्यासारखं सगळं असतं.

नवे नियम कोणाच्या बाजूचे आहेत?

सुरुवातीच्या नियमांकडे परत येऊ. वाहन कंपन्यांना दिलेलं उद्दिष्ट पोलादाच्या वजनात आहे. खासगी गाड्यांसाठी वीस वर्षांपूर्वी आणि व्यावसायिक वाहनांसाठी पंधरा वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांत जितकं पोलाद वापरलं होतं, त्याचा किमान ८ टक्के हिस्सा भंगारातून परत मिळाल्याची प्रमाणपत्रं कंपनीने पहिली पाच वर्षं दाखवायची. पुढची पाच वर्षं १३ टक्के आणि २०३५-३६ पासून १८ टक्के.

चांगला पार्ट काढून पुन्हा वापरायला या नियमांची मनाई नाही. पण तराजू किलोचा आहे. अडीचशे किलोचा उत्तम गिअरबॉक्स पुन्हा घडवून ट्रकवर चढवला तर रस्त्यावर एक गिअरबॉक्स वाचतो, आणि तोच कापून भट्टीत टाकला तर कंपनीला प्रमाणपत्राचं वजन मिळतं. कंपनी कुठे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

याच सरकारचे २०२२ चे ई-कचरा नियम यापेक्षा शहाणे निघाले. त्यात यंत्र नूतनीकृत करून वापरात ठेवलं तर उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर ढकललेल्या वजनाचा फक्त ७५ टक्के भाग त्याच्या खात्यात परत येतो. उरलेले २५ टक्के ही एका परीने बक्षिशीच. फोन आणि फ्रिजला जे जमलं ते गिअरबॉक्स, सेल्फ आणि टर्बोचार्जरला लावायला काय हरकत आहे? आणि ती बक्षिशी पार्ट बनवणाऱ्या कारखान्याइतकीच नोंदणीकृत छोट्या वर्कशॉपलाही मिळावी. नाहीतर पुन्हा तिसरा माणूस बाजाराबाहेर.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हे सगळं कालबाह्य होणार नाही का?

सेल्फ जाईल, इंजेक्टर जातील. प्रश्न राहील आणि जास्त टोकदार होईल, कारण इलेक्ट्रिक गाडीत किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो. बॅटरी पॅक ‘गेला’ म्हणतात तेव्हा अनेकदा त्यातले मोजकेच सेल अशक्त झालेले असतात. ते शोधून बदलता येतात. पण कोणते, हे सांगतं बॅटरीच्या आतलं नियंत्रण यंत्र, आणि त्याची किल्ली गाडी कंपनीकडे. इथे ड्रॉइंगची जागा डेटाने घेतली आहे. उच्च दाबाच्या विजेमुळे हे काम कोणीही उघड्यावर करू नये, हा कंपन्यांचा मुद्दा खरा आहे. त्या आडून किल्ली कायमची स्वतःच्या खिशात ठेवायची, हा हेतूही तितकाच खरा असू शकतो.

२०२२ च्या बॅटरी नियमांनी २०२७-२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या बॅटरीत ठरावीक हिस्सा पुनर्चक्रित मालाचा असावा अशी अट घातली आहे. त्यासाठी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांची भुकटी करणारे कारखाने लागतील आणि त्यांना कच्चा माल लागेल. अजून सहा वर्षं चालू शकणारा पॅक त्या रांगेत कोणी उभा करायचा आणि कोणी बाजूला काढायचा, हे ठरवायचा अधिकार आज ज्याच्याकडे आहे त्याला नवी बॅटरी विकायची असते.